मदत हवी: स्पिटफायर थंडीत सिग्नलला बंद पडून राहिली (रविवारच्या आत सुटायला पाहिजे)

बर्डीचा_बंड्या · मंगळवार, सकाळी ७:५२

गाडी ट्रायम्फ स्पिटफायर, जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार. मामाची होती, आता माझ्याकडे. उन्हाळ्यात मस्त चालली, थंडी पडल्यापासून डोकं खाऊन राहिली. सकाळी चोक ओढून सुरू होते, व्हरायटी चौकापर्यंत येते आणि सिग्नलला बंद. चोक आत ढकलला की बंद. बाहेर ठेवला की काळा धूर, आणि पेट्रोलचा वास असा की मागचा ऑटोवाला शिव्या घालतो. आज दोनदा ढकलली. एकदा तर अधिवेशनाच्या बंदोबस्तावरच्या हवालदारानं हात लावला, आणि ‘विकून टाका साहेब’ म्हणाला. हीटरही निस्ता थंड वारा फेकते.

प्लग बदलले, पॉइंट घासले, बॅटरी नवी आहे. रविवारी पहाटे आमचा जुन्या गाड्यांचा ग्रुप रामटेकला जाऊन राहिला आणि मी येतो म्हणून बसलो. नक्की माहीत असेल तरच सांगा, अंदाज नको.

ऑईलबोळा · मंगळवार, ८:१५

कोणत्या सालची? मार्क कितवा? कार्बोरेटर मूळचे दोन आहेत की कोणी मारुतीचा एक बसवलाय? चोक किती वेळ बाहेर ठेवता? निळा धूर की काळाच? एवढं लिहा आणि मग ‘अंदाज नको’ म्हणा.

उत्तरध्रुव · मंगळवार, ८:४०

मी स्वीडनला असतो, काल सकाळी इथे उणे १४ होतं. थंडीत जुनी गाडी चालवायची तर तीन गोष्टी हव्यातच. इंजिन ब्लॉकला लावायचा विजेचा हीटर, तो रात्री प्लगला लावून ठेवायचा. झिरो डब्ल्यू थर्टी ऑईल. कूलंट आणि पाणी निम्मं-निम्मं. शिवाय बॅटरीला पांघरूण. शून्याला बॅटरीची ताकद पाचव्या हिश्शाने कमी होते.

टर्री_मारके · मंगळवार, ८:४७

बाप्पा, गाडीले पांघरूण! इथं माणसाले एक गोधडी पुरून राहिली.

उत्तरध्रुव दादा, नागपूरचा आजवरचा नीचांक २९ डिसेंबर २०१८ चा, ३.५ अंश. त्या दिवशीही नळाचं पाणी नळातूनच आलं, बर्फ होऊन नाही आलं. आणि ही गाडी बंद पडून राहिली ११-१२ अंशाले.

ऑईलबोळा · मंगळवार, ९:०२

झिरो डब्ल्यू थर्टी साठच्या दशकातल्या इंजिनात घातलं तर सैल सीलमधून निम्मं अंगणात येईल. ट्वेंटी डब्ल्यू फिफ्टीच बरं. नागपूरला त्याहून पातळ कशाला लागतंय?

पेट्रोल_शुद्ध_हवं · मंगळवार, ९:३०

कारण सरळ आहे, ई-ट्वेंटी. पंपावर मिळतं त्यात २० टक्के इथेनॉल. इथेनॉलची वाफ व्हायला पेट्रोलपेक्षा बरीच जास्त उष्णता लागते, म्हणून थंड इंजिनात ते वाफेऐवजी थेंब होऊन जातं. रबरी नळ्या खातं, हवेतलं पाणी शोषून घेतं. आमच्या पद्मिनीची नळी दोन वर्षांत चिकट गुळासारखी झाली. नळ्या बदला, टाकी रिकामी करा. बाकी सगळी चर्चा व्यर्थ आहे.

बर्डीचा_बंड्या · मंगळवार, ९:४४

मार्क थ्री, १९६८. १२९६ सीसी. दोन एसयू कंपनीचे कार्बोरेटर, मूळचेच. धूर काळा. चोक… बंद पडू नये म्हणून बाहेरच ठेवून राहिलो, आणखी काय करणार? नळ्या मागच्या दिवाळीत बदलल्या. आता तरी सांगा.

कायदेपंडित · मंगळवार, ११:१०

धागाकर्त्यांनी कृपया नोंद घ्यावी. ५० वर्षांवरील वाहनांसाठी केंद्राने २०२१ मध्ये व्हिंटेज नोंदणीचे स्वतंत्र नियम केले आहेत. नंबरात राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ येते, नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षे. अशा नोंदणीचे वाहन रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, इंधन भरणे इतकेच. आपण व्हरायटी चौकात कोणत्या प्रयोजनाने गेला होता?

बर्डीचा_बंड्या · मंगळवार, ११:१२

बंद पडायला.

(नंबर जुनाच आहे साहेब, एमएच-३१ च्याही आधीचा. विषय गाडी सुरू राहण्याचा आहे.)

हेराल्डवाली · मंगळवार, दुपारी १:२०

माझ्याकडे बाबांची स्टँडर्ड हेराल्ड आहे, मद्रासची. स्पिटफायर म्हणजे हेराल्डच्याच चासीवर बांधलेली धाकटी बहीण, त्यामुळे थोडंफार कळतं. दोन गोष्टी करा.

एक, चारही प्लग काढा आणि ज्या क्रमाने काढले त्याच क्रमाने कागदावर मांडून फोटो टाका. क्रम चुकवू नका. दुसरं, गाडी २० मिनिटं चालल्यावर तापमानाचा काटा कुठे उभा असतो ते सांगा.

जुना_फिटर · मंगळवार, दुपारी २:०५

मी आयुष्यभर अंबाझरीच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत फिटर होतो आणि हाताखालून अँबॅसेडर, फियाट, जीप सगळ्या गेल्या आहेत. हिवाळ्यात रेडिएटरसमोर पुठ्ठा लावायचा, निम्मा झाकेल एवढा. ट्रकवाले पूर्वी हेच करायचे. पैसे शून्य, काम पक्कं. एवढ्या फोटोबिटोची गरज नाही.

अस्सल_सदाशिवपेठी · मंगळवार, दुपारी २:३१

‘थंडी’ आणि ‘नागपूर’ हे दोन शब्द एका वाक्यात वाचून गंमत वाटली. बाकी चालू द्या.

टर्री_मारके · मंगळवार, दुपारी २:३३

या ना भाऊ एकदा डिसेंबरात, पहाटे सहाले फुटाळ्यावर उभे राहा. मग कस्तुरचंद पार्काजवळ टर्रीपोहे चारतो, तिखटानं घाम आला की बोला थंडीवर.

अस्सल_सदाशिवपेठी · मंगळवार, दुपारी २:४०

पोह्यांवर रस्सा ओतणे हा पोह्यांचा अपमान आहे.

टर्री_मारके · मंगळवार, दुपारी २:४१

रस्सा नाही बे, टर्री. चण्याची. आणि पोहे सांगून नाही राहिले अपमान झाला म्हणून.

*(यापुढचे पोह्यांवरचे १९ प्रतिसाद वेगळ्या धाग्यात हलवले आहेत. — संपादक)*

बर्डीचा_बंड्या · मंगळवार, रात्री ९:१८

फोटो टाकला. रेडिएटरच्या बाजूनं मोजले तर पहिले दोन चहाच्या रंगाचे आहेत, थोडे काळपट. तिसरा-चौथा काजळीनं भरलेले, बोट लावलं तर काळं मखमल, वरून ओले. प्लग तर नवे टाकले ना मी, चार दिवसही नाही झाले.

ऑईलबोळा · मंगळवार, रात्री ९:३५

मागचा कार्बोरेटर. एसयूच्या जोडीत पुढचा १-२ ला पाजतो, मागचा ३-४ ला. दोन्ही सारखे जुळवून घ्या, आणि डॅशपॉटमध्ये, म्हणजे कार्बोरेटरच्या डोक्यावरच्या नळीत, ऑईल कोणतं आहे ते बघा. गिअर ऑईल घातलं असेल तर कार्बोरेटरचा पिस्टन आळसावतो.

पेट्रोल_शुद्ध_हवं · मंगळवार, रात्री ९:५०

मी सांगितलं तेच. इथेनॉल.

ऑईलबोळा · मंगळवार, रात्री ९:५८

अहो, इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतो. त्यानं जुन्या कार्बोरेटरचं मिश्रण *पातळ* होतं, प्लग पांढुरके दिसतात. याचे कोळशासारखे काळे आहेत. तुम्ही उलट्या दिशेला बोट दाखवताय.

पेट्रोल_शुद्ध_हवं · मंगळवार, रात्री १०:०४

त्यांनी चोक बाहेर ठेवला म्हणून काळे. चोक का ठेवावा लागला? इंधनाची वाफ होत नाही म्हणून. का होत नाही? इथेनॉल. गोल फिरून तिथेच येणार तुम्ही.

हेराल्डवाली · मंगळवार, रात्री १०:२०

मे महिन्यातही पंपावर हेच पेट्रोल होतं आणि गाडी ‘मस्त चालली’ असं पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलंय. इथेनॉल त्रास वाढवत असेल, मुळाशी ते नाही.

बंड्या, काटा?

बर्डीचा_बंड्या · बुधवार, सकाळी ७:२०

कोणता काटा?

हेराल्डवाली · बुधवार, सकाळी ७:२२

तापमानाचा. काल विचारलं होतं.

बर्डीचा_बंड्या · बुधवार, सकाळी ७:३०

हाव, तो. ‘सी’च्या बोटभर वर. थंडी आहे ना ताई, म्हणून वर जाऊन नाही राहिला. वर्धा रोडनं चिंचभुवनपर्यंत गेलो तरी तिथंच.

हेराल्डवाली · बुधवार, सकाळी ७:३४

थंडीत काटा वर चढायला वेळ लागतो, पण चढतो. तो चढूच नये म्हणजे… गाडीत थर्मोस्टॅट आहे का?

बर्डीचा_बंड्या · बुधवार, सकाळी ७:५१

नाही. मे महिन्यात मिस्त्रीनं काढून फेकला, गरम होत होती म्हणून. इकडं सगळेच काढतात. त्याचा काय संबंध?

ऑईलबोळा · बुधवार, सकाळी ७:५५

हे पहिल्या पोस्टमध्ये लिहायला काय झालं होतं महाराज? प्लग, पॉइंट, हवालदार सगळं आलं, आणि हे राहिलं.

हेराल्डवाली · बुधवार, सकाळी ८:३०

सगळा संबंध त्याचाच आहे. नीट सांगते.

थर्मोस्टॅट म्हणजे इंजिनातून रेडिएटरकडे जाणाऱ्या वाटेवरचा दरवाजा. पाणी साधारण ८२ अंशांना येईपर्यंत तो बंद, त्यामुळे इंजिनातलं थोडकं पाणी भराभर तापतं. तो काढला की पहिल्या मिनिटापासून सगळं पाणी रेडिएटरमधून फिरतं. त्यात या गाडीचा पंखा थेट क्रँकच्या पुलीवर बसवलेला. इंजिन फिरतं तोवर तो फिरणारच, विजेच्या पंख्यासारखा थांबत नाही. मे महिन्यात हे खपून गेलं. आता सकाळची १० अंशांची हवा घेऊन तो पंखा इंजिन गार ठेवण्याचं काम इमानेइतबारे करतोय.

इंजिन गार म्हणजे मॅनिफोल्ड, कार्बोरेटरकडून सिलिंडरकडे जाणारी वाट, तीही गार. पेट्रोल भिंतींना ओलं चिकटतं, वाफ कमी, म्हणून चोक आत गेला की इंजिन मरतं. तुम्ही चोक बाहेर ठेवला की जादा पेट्रोल सिलिंडरच्या भिंतींवरचं ऑईल धुऊन खाली उतरतं. हीटर थंड वारा देतो कारण त्याला गरम पाणी मिळतच नाही.

आता लगेच एक करा. डिपस्टिक काढून हुंगा, आणि ऑईल भरायचं झाकण उघडून आतून बघा.

जुना_फिटर · बुधवार, सकाळी ९:१०

थर्मोस्टॅट या शहरात नको म्हणजे नको. २३ मे २०१३ ला इथं ४७.९ अंश होतं. जुना थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकला तर दहा मिनिटांत हेड वाकतं. मी पन्नास गाड्यांचे काढले, एकही इंजिन गेलं नाही. पुठ्ठा लावा.

हेराल्डवाली · बुधवार, सकाळी ९:२५

काका, गरम होण्याचं कारण बहुतेक वेळा गाळानं भरलेलं रेडिएटर असतं. वर्षानुवर्षं बोअरचं जड पाणी ओतलेलं. ते साफ करायचं सोडून थर्मोस्टॅट काढणं म्हणजे ताप आला म्हणून थर्मामीटर फोडणं. आणि पुठ्ठ्याचं म्हणाल, तर सकाळी ११ अंश असलेलं नागपूर दुपारी दोनला २८ वर जातं. रामटेकहून परतताना पुठ्ठा काढायला विसरलं की मनसरच्या आत वाफ.

जुना_फिटर · बुधवार, सकाळी ९:३१

विसरायचं कशाला?

टर्री_मारके · बुधवार, सकाळी ९:३३

काका, जो माणूस थर्मोस्टॅट काढला हे सांगायले विसरला त्याले पुठ्ठा आठवणार आहे?

बर्डीचा_बंड्या · बुधवार, रात्री ८:४५

आता खरंच घाबरलो. झाकणाखाली साय आहे. म्हणजे शब्दशः साय, दुधावरची असते तशी, पिवळट पांढरी, बोटानं पुसली तर लोण्यासारखी आली. आई मागून म्हणाली हे काय रे गाडीत दही लावलं का. डिपस्टिकला पेट्रोलचा वास येऊन राहिला.

सर्वज्ञ_सुरेश · बुधवार, रात्री ८:५०

हेड गॅसकेट गेलं, पाणी ऑईलमध्ये मिसळून राहिलं. इंजिन उतरवावं लागेल. माझ्या ओळखीच्या एकाचं असंच झालं होतं, गाडी भंगारात गेली.

ऑईलबोळा · बुधवार, रात्री ९:०३

सुरेशराव, आपल्याकडे स्पिटफायर आहे?

सर्वज्ञ_सुरेश · बुधवार, रात्री ९:०५

तत्त्व तेच असतं.

हेराल्डवाली · बुधवार, रात्री ९:२०

थांबा. आधी तीन गोष्टी बघा: रेडिएटरमधलं पाणी कमी होतंय का, गाडी चालू असताना वरच्या टाकीत बुडबुडे येतात का, आणि साय डिपस्टिकवरही आहे की फक्त झाकणाला. पाणी जागेवर, बुडबुडे नाहीत आणि डिपस्टिकचं ऑईल काळंच असेल तर तो इंजिनात साचलेला दमट वाफारा आहे. जळताना पाणी तयार होतंच; इंजिन तापलं की ते उडून जातं, तुमचं कधी तापतच नाही, म्हणून सगळ्यात गार जागी, झाकणाखाली, जाऊन बसतं.

पेट्रोलमिश्रित ऑईल मात्र काढून टाका. फिल्टरसकट. रविवारच्या आधी.

बर्डीचा_बंड्या · बुधवार, रात्री १०:०२

पाणी जागेवर. बुडबुडे नाहीत. साय फक्त झाकणाला.

पण एक सांगा, थर्मोस्टॅट नसल्यानं चारही प्लग काळे व्हायला पाहिजेत ना? दोनच का?

ऑईलबोळा · बुधवार, रात्री १०:१५

शाब्बास, पहिला चांगला प्रश्न. मघाशी मी जुळवून घ्या म्हणालो ते घाईत. या एसयूमध्ये चोक म्हणजे हवेची झडप नसते. दांडी ओढली की जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारी नळी, *खाली* उतरतं आणि सुईभोवतीची फट वाढते. चोक आत ढकलला की जेट वर यायला पाहिजे. मागचं वर येत नसणार. तुम्ही महिनाभर चोक बाहेर ठेवून हिंडताय, अडकलं असेल.

बॉनेट पूर्ण पुढे उलटा. चोक आत ढकला. वाकून दोन्ही कार्बोरेटरच्या बुडाशी बघा. पुढच्याचं जेट नटाला टेकलेलं दिसेल. मागच्याचं खाली लोंबत असेल तर बोटानं वर ढकला.

बर्डीचा_बंड्या · गुरुवार, सकाळी ६:५५

दोन्ही कार्बोरेटर शेजारी शेजारी, आणि फरक डोळ्यानं दिसून राहिला! पुढचा टेकलेला, मागच्याचा करंगळीच्या नखाएवढा खाली. ढकलला तर ‘टक’ करून वर गेला. पुन्हा चोक ओढून सोडला तर पुन्हा खालीच.

ऑईलबोळा · गुरुवार, सकाळी ७:१०

जेट काढून पेट्रोलनं पुसा. सॅन्डपेपर लावाल तर खबरदार. फ्लोट चेंबरकडून (कार्बोरेटरला लागून असलेली पेट्रोलची वाटी) येणारी नायलॉनची नळी पिळवटली नाही ना ते बघा, तीच जेटला खाली ओढून धरते. केबल बांधलेला स्क्रूही बघा, चोक पूर्ण आत असताना केबलला किंचित ढील पाहिजे.

पेट्रोल_शुद्ध_हवं · गुरुवार, सकाळी ८:००

जेट अडकलं कशानं? इथेनॉलच्या चिकट्यानं.

हेराल्डवाली · गुरुवार, सकाळी ८:१२

हे शक्य आहे. घ्या, अर्धा गुण.

बंड्या, माझ्याकडे ८२ चा एक थर्मोस्टॅट जास्तीचा पडून आहे. धरमपेठेत येऊन घेऊन जा, पण व्यास मोजून या. बसवण्याआधी पाण्यात उकळून बघा. आणि पाण्याऐवजी कूलंट घाला. गोठण्याची भीती नाही, पण ब्लॉक बिडाचा आहे, साध्या पाण्यानं आतून गंज धरतो, आणि तोच गाळ रेडिएटरमध्ये बसतो. उत्तरध्रुव यांचं ते एक बरोबर होतं.

उत्तरध्रुव · गुरुवार, दुपारी १:१५

धन्यवाद. ब्लॉक हीटरबद्दलही विचार व्हावा.

बर्डीचा_बंड्या · शनिवार, रात्री १०:४०

उशीर झाला लिहायला, हात अजून काळे आहेत.

थर्मोस्टॅट मोजला, बसतो. आईच्या चहाच्या गंजात पाणी घेतलं, थर्मोस्टॅट दोऱ्यानं लटकवला, पुतण्याच्या शाळेतला थर्मामीटर सोडला. ७० ला काही नाही. ७८ ला काही नाही. मी म्हटलं हाही गेलेला. ८१ च्या पुढं मधली चकती केसाएवढी हलली, आणि मग कमळासारखी उघडत गेली. गॅस बंद केला तर हळूहळू मिटली. तीनदा केलं. तिसऱ्यांदा आई म्हणाली गंज आता तुझाच, मी त्यात चहा नाही करणार.

मग पनवती. थर्मोस्टॅटच्या हाऊसिंगचा एक बोल्ट खोलताना तुटला. दुपारी चारला. रडू यायचं बाकी होतं. जुना_फिटर काकांना निरोप टाकला, तर काका स्वतःचा एक्स्ट्रॅक्टर घेऊन त्रिमूर्तीनगरहून स्कूटरवर आले, अर्ध्या तासात तुटका तुकडा अलगद बाहेर. गॅसकेट त्यांनीच कापलं, कागद हाऊसिंगवर ठेवून हातोडीनं कडेकडेनं ठोकत. जाताना म्हणाले, ‘मे महिन्यात काढायला बोलव.’

मागचं जेट साफ केलं, नळीला पीळ होताच. ऑईल, फिल्टर बदलले. प्लग पेट्रोलनं धुऊन तेच टाकले. संध्याकाळी फिरवली: सेमिनरी हिल्स चढून आलो, काटा बरोबर मध्ये. सिव्हिल लाइन्सचे तीन सिग्नल, एकदाही बंद नाही.

जुना_फिटर · शनिवार, रात्री ११:०२

पाना उलटा फिरवला होता त्यानं. म्हणून तुटला.

हेराल्डवाली · शनिवार, रात्री ११:१०

उद्या सुरू करण्याआधी पेट्रोल पंपाखालची हाताची दांडी आठ-दहा वेळा दाबून घ्या, चेंबर भरतं. स्टार्टरला उगाच राबवू नका. आणि चोक सुरू झाल्यावर हळूहळू आत, मनसरपर्यंत बाहेर ठेवू नका!

बर्डीचा_बंड्या · रविवार, दुपारी ४:२५

पोहोचलो आणि परत आलो. पहाटे ९ अंश होतं, चोक कामठी रोडलाच आत गेला. काटा मध्ये. हीटर आता इतका तापून राहिला की येताना पाय भाजले, आणि तो बंद करायची दांडी हलतच नाही. त्यासाठी वेगळा धागा काढू का इथंच विचारू?

ऑईलबोळा · रविवार, दुपारी ४:३१

वेगळा काढा. आणि यावेळी मिस्त्रीनं काय काय काढलंय ते आधी लिहा.

कायदेपंडित · रविवार, दुपारी ५:००

रामटेक दौरा रॅली या सदरात बसतो. हरकत नाही.

नवा_सदस्य_४१ · सोमवार, सकाळी ६:१०

नमस्कार, माझी लूना सकाळी सुरू होत नाही. थर्मोस्टॅट कुठे असतो?